गुलमर्गला सहकुटुंब पहिलं स्कीइंग: शिकवणारे, भाड्याचे बूट, हॉटेल, सगळ्याचा सविस्तर रिव्ह्यू

घरातल्या एकालाही स्कीइंग येत नाही, पायात स्की कधी घातलेली नाही, अशा फॅमिलीने पहिल्यांदा शिकायला गुलमर्गला जावं का? माझं उत्तर हो, नक्की जावं. पण काश्मीर पॅकेजमध्ये श्रीनगरहून सकाळी नेतात आणि संध्याकाळी परत आणतात तसलं एका दिवसाचं गुलमर्ग नको. तिथेच मुक्काम ठोकायचा, आणि पैसे कशावर घालायचे ते घरी बसूनच ठरवून निघायचं. माझ्या मते क्रम असा: सगळ्यात आधी शिकवणारा माणूस, मग पायातले बूट, मग खोलीतली ऊब, आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा सगळ्यात शेवटी, तो नाही झाला तरी काही बिघडत नाही. लोक नेमकं उलटं करतात, गोंडोलाची तिकिटं मिळवायला जिवाचं रान करतात आणि इन्स्ट्रक्टर मात्र पार्किंगमध्ये जो पहिला भेटेल तो धरतात.

आम्ही पाच जण होतो. मी, नवरा, १३ वर्षांची लेक, ८ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई, ज्या स्की करणार नव्हत्या पण नातवंडांना बर्फात बघायची त्यांची फार इच्छा होती. म्हणजे शिकणारे चार आणि बसणाऱ्या एक, बऱ्याच घरांची टीम अशीच असते म्हणून आधीच सांगते.

ठिकाण ठरवताना आधी औलीचा विचार केला होता. तिथले उतार नवख्यांना चांगले, गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स चालतात, समोर नंदादेवी. पण जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोपवे बंद झाला आणि ऋषिकेशपासून वर जायचं म्हणजे पूर्ण दिवस घाटात गाडीत बसायचं, सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपलं नसतं. मनालीजवळच्या सोलंगला शिकायची जागा लहान आणि गर्दी मोठी, तिथे स्कीवर उभं राहून फोटो काढणं होतं, शिकणं होत नाही. परदेशात जॉर्जियाचं गुदौरी आणि अल्माटीजवळचं शिमबुलाक या दोन्हीबद्दल चांगलं ऐकलंय पण पाच जणांची तिकिटं धरली की बजेट हाताबाहेर जात होतं. गुलमर्गला मुंबईहून श्रीनगरपर्यंत थेट विमान आणि पुढे साधारण पन्नास किलोमीटर रस्ता, त्यामुळे ते जमलं.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे घडलं त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण गेले, आणि त्यानंतर घरात काश्मीरचं नाव काढणंसुद्धा जड होतं. आम्ही सगळ्यांनी बसून, सासूबाईंसकट, नीट बोलून मग ठरवलं. कुणाला जायला नको वाटत असेल तर मी आग्रह करणार नाही, तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. मला स्वतःला तिथल्या लोकांशी बोलताना सतत जाणवलं की पर्यटक न आल्याने त्यांची किती घरं अडचणीत आली होती, आणि आलेल्या माणसाची ते किती काळजी घेतात.

आता बर्फाबद्दल, कारण तारखा चुकल्या तर बाकी सगळं व्यर्थ. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिकडे चिल्लई कलान म्हणतात, तेव्हा थंडी सगळ्यात कडक. बर्फ मात्र नुसत्या थंडीने पडत नाही, वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे पश्चिमेकडून येणारा पावसा-बर्फाचा पट्टा, यावा लागतो, आणि तो नाही आला तर जानेवारीत पण जमीन कोरडी राहते. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग जवळपास शेवटच्या आठवड्यापर्यंत तपकिरी होतं, ते फोटो सगळ्यांनी बघितले असतील. २०२५ मध्ये खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गमधला टप्पा बर्फ कमी म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. म्हणून ख्रिसमसच्या सुट्टीत स्की शिकायला जाऊ नका असं मी सगळ्यांना सांगते, बर्फाची खात्री कमी आणि दर मात्र वर्षातले सगळ्यात चढे. नवख्यांसाठी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीअखेर हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो. मार्चमध्ये ऊन छान असतं पण सकाळी बर्फ कडक आणि दुपारी मऊ पातळ होतो, नुकतं शिकणाऱ्याला दोन्ही त्रासाचं. शाळेचा प्रश्न येतोच, आम्ही वर्गशिक्षकांना आधी भेटून रजा घेतली. आणि हॉटेल रद्द करता येईल असंच बुक करा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

मोबाइलचं सगळ्यांना माहीत नसतं म्हणून लिहिते, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या निदान दोघांकडे तरी पोस्टपेड असू दे, स्लोपवर माणसं वेगळी होतात.

श्रीनगरहून येताना तंगमर्ग लागतं, तिथून वर गुलमर्गपर्यंत तेरा किलोमीटरचा चढ. बर्फ पडलेला असेल तर साधी गाडी वर सोडत नाहीत, चाकांना चेन लावलेली किंवा फोर बाय फोर गाडी घ्यावी लागते. त्यामुळे श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी बोलताना "गुलमर्गच्या हॉटेलच्या दारापर्यंत, चेनसकट" असं आधीच ठरवून घ्या. तंगमर्गला गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारे भोवती जमतात. ते कोट बर्फात फिरायला ठीक आहेत पण स्कीइंगला अजिबात उपयोगाचे नाहीत, गुडघ्यात अडकतात आणि ओले झाले की वजन वाढतं. आमच्याजवळ कपडे होते म्हणून आम्ही नमस्कार करून पुढे गेलो.

कपड्यांचं इथेच सांगून टाकते. आतून थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि तसलीच पँट. आम्ही हे सगळं डेकॅथलॉनमधून घेतलं, मुलांच्या पँट एक साइज मोठ्या घेतल्या म्हणजे पुढच्या वर्षी चालतील. जीन्स घालून एकही मूल स्लोपवर आणू नका, पहिल्या पडण्यात ती भिजते आणि मग थंडी हाडात शिरते. हातमोजे वॉटरप्रूफच हवेत, लोकरीचे नकोत, आणि मुलांसाठी एक जोड जास्तीचा. गॉगल्स आणि सनस्क्रीन चैनीची वस्तू नाही, ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, हनुवटीच्या खालून आणि नाकपुड्यांच्या आतून भाजतं माणूस. लेकीने पहिल्याच दिवशी फक्त कपाळ आणि गालांना लावलं होतं, रात्री हनुवटी लालभडक.

आता मुख्य विषय, शिकवणारे.

गुलमर्गमध्ये शिकायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग, तिकडे आयआयएसएम म्हटलं की कळतं. त्यांचे ठराविक तारखांना बॅचने कोर्स असतात, शिस्तीत शिकवतात, कॉलेजातल्या मुलांसाठी किंवा एकट्या माणसासाठी उत्तमच. पण ८ वर्षांचा मुलगा आणि चाळिशीतले आईबाप एका तालात चालत नाहीत म्हणून आम्ही दुसरा मार्ग घेतला, खाजगी इन्स्ट्रक्टर. आणि एक नाही, दोन घेतले. एक मुलांना, एक आम्हा दोघांना. पूर्ण ट्रिपमधला हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च ठरला. एकच माणूस चौघांना घेतो तेव्हा तीन जण थंडीत उभे राहून चौथ्याचं पडणं बघत असतात. शिवाय आईबाप जवळ असले की मुलं दर दोन मिनिटांनी आपल्याकडे बघतात, रडायचं की नाही ते आपला चेहरा बघून ठरवतात. आम्ही दोनशे पावलं लांब गेलो आणि धाकट्याने रडणं बंदच केलं.

इन्स्ट्रक्टर ठरवताना फोनवर काय विचारायचं ते लिहिते. पर्यटन विभागाकडे नोंदणी आहे का, ओळखपत्र दाखवा. दर दिवसाचा की तासाचा, दिवस म्हणजे किती ते किती. स्की आणि बूट त्यात धरलेत की वेगळे. लिफ्टचं तिकीट कोण काढणार. तुम्ही स्वतः शिकवणार की आयत्या वेळी भावाला पाठवणार. लहान मुलांना याआधी शिकवलंय का. दराचा आकडा मी मुद्दाम लिहीत नाही, तो सीझनप्रमाणे आणि बर्फाप्रमाणे बदलतो, पण एवढं सांगते की आमच्या एकूण खर्चात विमान आणि हॉटेल ह्याच दोन मोठ्या रकमा होत्या, प्रत्यक्ष स्कीइंग त्यामानाने खूप आवाक्यात निघालं. आम्ही घरून निघायच्या आधीच ठरवलं होतं, एका ओळखीच्यांकडून नंबर मिळाला. त्यामुळे पोचल्यावर पार्किंगमध्ये जो गराडा पडतो त्यांना शांतपणे "हमारा बंदा फिक्स है" सांगता आलं.

मुलांना शिकवणारा तिशीतला होता, तिथलाच, लहानपणी लाकडी फळ्यांवर घसरत शिकलेला. त्याने पहिला तासभर स्की हातात सुद्धा घेऊ दिल्या नाहीत. नुसते बूट घालून सपाटीवर चालवलं, उड्या मारायला लावल्या, एकमेकांना पकडायला लावलं. मग एकच स्की, एका पायाने ढकलत जायचं. मग पाय बदलून. मग दोन्ही. मग पडायला शिकवलं, बाजूला, नितंबावर, हात मागे न टेकवता, आणि पडल्यावर आधी स्की उताराला आडव्या करायच्या, मगच उठायचं, नाहीतर उठता उठता परत घसरायला होतं. धाकटा ते शिकण्यासाठी मुद्दाम पडत होता. त्यानंतर स्नो प्लाउ, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, टाचा बाहेर ढकलायच्या की वेग मरतो. सगळं नवशिक्यांचं स्कीइंग या एका गोष्टीवर उभं आहे. थांबता आलं की भीती जाते, भीती गेली की गुडघे वाकतात, गुडघे वाकले की तोल येतो.

आमच्या वाट्याला आलेले वयाने मोठे होते, पन्नाशी पार केलेले, आम्ही त्यांना उस्तादजी म्हणायचो. अतिशय कमी बोलायचे. नवरा सारखा पायाकडे बघायचा आणि मागे झुकायचा, सगळेच नवखे झुकतात, कारण उतार दिसला की शरीर आपोआप मागे जातं. आणि मागे गेलं की स्की पुढे पळते. उस्तादजी त्याच्या पुढे उलटं तोंड करून, म्हणजे पाठीमागे घसरत, त्याच्याकडे बघत उतरायचे आणि फक्त एवढंच म्हणायचे, "हाथ आगे, जैसे चाय की ट्रे पकडी है. चाय गिरनी नहीं चाहिए." हात पुढे आले की खांदे पुढे येतात आणि वजन बुटाच्या जिभेवर पडतं, तिथेच ते पडायला हवं. वळायचं शिकवताना पण तेच, डावीकडे जायचंय तर उजव्या पायावर भार द्या आणि वाट बघा, स्की स्वतः वळते, खांद्याने ओढू नका. मला ते वाट बघणं जमायला वेळ लागला पण एकदा जमलं तेव्हा आलेला आनंद मी खरंच शब्दात सांगू शकत नाही. मी ओरडलेच.

या दोघांना माझ्याकडून पाचपैकी पाच. घाई नाही, चेष्टा नाही, "मॅडम ऊपर चलो, वहाँ मजा है" असला आग्रह नाही. उलट नवऱ्याने स्वतःहून वर जायचा विषय काढला तेव्हा उस्तादजींनी सरळ नकार दिला, म्हणाले आधी इथे दहा वेळा न पडता थांबून दाखवा. जो इन्स्ट्रक्टर पहिल्याच दिवशी नवख्याला गोंडोलाने वर न्यायची भाषा करतो त्याला नम्रपणे सोडून द्या.

भाड्याचं सामान. इथे मात्र मला तीनपेक्षा जास्त देता येत नाहीत. काही दुकानांत नवं आणि चांगलं सामान असतं, काहींत वर्षानुवर्षं वापरलेलं. आम्ही पहिल्यांदा ज्या दुकानात गेलो तिथे माणसाने मुलाची उंची डोळ्याने मोजून स्की काढून दिल्या, वजन विचारलंच नाही आणि बाइंडिंगला हातही लावला नाही. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पाय मुरगळायच्या बेतात आला की तो सुटला पाहिजे, आणि किती जोरावर सुटायचा ते माणसाचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी बघून स्क्रूने लावतात. फार घट्ट राहिला तर गुडघा जातो. मुलांच्या इन्स्ट्रक्टरने ते सामान बघितलं, बूट खटक्यात डावी-उजवीकडे हलत होता, त्याने ते तसंच परत नेऊन दिलं आणि दुसऱ्या दुकानातून आणलं, तिथल्या माणसाने शांतपणे सगळ्यांची वजनं विचारून स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक लावून दिलं. पैसे जवळपास तेवढेच. तर दुकानात इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊनच जा. नवख्याची स्की उभी धरली तर हनुवटीपर्यंत यावी, लहान मुलांची छाती ते हनुवटीच्या मध्ये. हेल्मेट आतून बघा, फोम तुटलेला नको. मुलांना हेल्मेटशिवाय एक पाऊल टाकू देऊ नका, आणि आपणही घालायचं, नाहीतर मुलं ऐकत नाहीत.

बूट हा तर स्वतंत्र विषय आहे. स्की बूट कडक प्लास्टिकचा असतो आणि पहिल्यांदा घातला की प्रत्येकाला वाटतं हा लहान आहे. तसा तो नसतो. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकायला हवीत आणि गुडघे वाकवले की सुटायला हवीत, टाच मात्र अजिबात उचलली जाऊ नये. दुकानदार "आराम के लिए एक नंबर बडा" देतात, तो घेऊ नका, मोठ्या बुटात पाय आत हलतो आणि स्की ऐकत नाही. बूट घालायची पद्धत पण आहे, आत पाय सरकवला की टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग घोट्याजवळची पट्टी आधी, मग बाकीच्या.

लेकीचं सांगते. दुसऱ्या सकाळी तिने अर्ध्या तासात सांगितलं की नडगी दुखतेय, आता नको. डोळ्यात पाणी. मला वाटलं झालं, हिचं स्कीइंग संपलं. इन्स्ट्रक्टर बर्फात गुडघ्यावर बसला, बूट पूर्ण उघडला, आत बोट फिरवलं आणि मोज्याची एक घडी सरळ केली, थर्मलची कड बुटाच्या आत गेली होती ती वर ओढून बाहेर काढली, परत बंद केला. पाच मिनिटं. त्यानंतर पोर दुपारपर्यंत उतरली नाही स्कीवरून. बुटाच्या आत एकच मोजा, लांब, गुडघ्याखालपर्यंत येणारा, आणि दुसरं काहीही नाही, ना थर्मल ना पँट. दोन मोजे घातले की ऊब वाढत नाही, रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतात. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी अर्धी ट्रिप वाचेल.

शिकायची जागा म्हणजे गुलमर्गचं मधलं मोठं कुरण, उन्हाळ्यात जिथे गोल्फ खेळतात. बर्फाखाली गेलं की सौम्य उतारांची भलीमोठी थाळी मिळते, गाव २,६५० मीटरच्या आसपास आहे त्यामुळे फार दम लागत नाही, पहिल्या दिवशी डोकं जरा जड होतं, भरपूर पाणी प्यायचं. तिथे ड्रॅग लिफ्ट आहेत, वर फिरणाऱ्या दोरीला लटकलेला दांडा आणि खाली गोल चकती, ती पायांमध्ये धरायची आणि उभं राहायचं. बसायचं नाही. नवखा माणूस हमखास बसायला जातो आणि खाली पडतो. पडलात तर लगेच बाजूला सरका, मागून पुढचा येत असतो. लिफ्ट नेहमी चालू असतीलच असं नाही, कधी वीज जाते, कधी बर्फ कमी. मग स्की आडव्या करून पायरी पायरीने चढायचं, घाम फुटतो पण तोलाला तेवढाच फायदा. यात सुधारणा व्हायलाच हवी. ज्या गावात भारतातलं स्कीइंग १९२७ पासून चालू आहे, जिथे सैन्याची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे, जिथे राष्ट्रीय स्पर्धा होतात, तिथे लहान मुलांसाठी कुंपण घातलेली, स्लेज आणि स्कूटर न शिरणारी जागा असायलाच हवी. आत्ता त्याच उतारावर स्लेज ओढणारे, फोटो काढणारे, स्नो स्कूटर आणि शिकणारी पोरं सगळे एकत्र असतात. सकाळी साडेनऊला पोचलात तर दिवसाचे पर्यटक यायच्या आत दोन तास मोकळे मिळतात, आणि यासाठीच मुक्काम गुलमर्गलाच हवा.

आणि दिवस किती? निदान चार पूर्ण दिवस बर्फावर धरा. पहिला दिवस बुटांशी ओळख करण्यात जातो, दुसऱ्या दिवशी अंग इतकं दुखतं की सगळे म्हणतात कशाला आलो, तिसऱ्या दिवशी काहीतरी जुळतं. दोनच दिवसांनी परतणारी माणसं फक्त दुखणं घेऊन घरी जातात, म्हणून मला वाईट वाटतं.

सासूबाईंचं काय झालं हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. त्यांना सकाळी स्लेजवर बसवून स्लोपच्या कडेला नेलं, स्लेज ओढणाऱ्याशी जाऊन-येऊन आणि थांबण्याचे पैसे आधीच ठरवले. तिथे टपरीवजा कॅन्टीनमध्ये खुर्ची, हातात केशर-बदामाचा कहवा, मांडीवर कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी. तिथल्या एका मावशींनी त्यांना फेरनच्या, म्हणजे तिकडच्या लांब सैल झग्याच्या, आत कांगडी कशी धरायची ते शिकवलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण दुपारपर्यंत सुना-नातवंडांच्या गप्पा झाल्या होत्या. एका दुपारी त्यांना १९०२ चं सेंट मेरीज चर्च दाखवलं, छपरावर हातभर बर्फ. आणि गोंडोलाचा पहिला टप्पा सगळ्यांनी मिळून केला.

गोंडोलाबद्दल थोडक्यात. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, अंदाजे ३,१०० मीटर, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, ३,९५० च्या आसपास. तिकीट केबल कार कॉर्पोरेशनच्या साइटवरून आधी काढायचं, ओळखपत्र लागतं, सीझनमध्ये पटापट संपतं. पहिला टप्पा ज्येष्ठांसकट सगळ्यांनी करावा. दुसऱ्यावरून स्कीइंग करणं हे नवख्याचं काम नाही, तिथे तयार केलेला रस्ता नाही, हिमस्खलनाचा धोका असतो, २०२३ आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या उतारांवर परदेशी, अनुभवी स्कीअर दगावलेत. नुसतं बघायला जायचं तर हवामान स्वच्छ असलेल्या दिवशी जा, दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर सोडून द्या.

हॉटेल. नाव लिहीत नाही कारण तक्रार आहे. बुकिंगच्या वेळी "हीटिंग आहे" सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते रात्री ठराविक तासच चालायचं, आणि बाहेर उणे दहाच्या आसपास. इलेक्ट्रिक ब्लँकेट होती म्हणून निभावलं. त्यामुळे फोनवर नेमकं विचारा: हीटिंग रात्रभर आहे का, वीज गेली की जनरेटरवर चालतं का, गरम पाणी किती वाजता, ओले हातमोजे आणि बूट वाळवायला जागा आहे का. शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही आणि सकाळी ओल्या हातमोज्यात हात घालावा लागतो. खोलीत बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, असेल तर झोपताना खिडकीची फट उघडी ठेवा, कोळशाची कांगडी घेऊन तर कुणीच झोपू नये, बंद खोलीत विषारी वायू साठतो. स्टाफ मात्र अतिशय प्रेमळ, सासूबाईंसाठी न सांगता रोज रात्री गरम पाण्याची पिशवी भरून आणायचे.

जेवण शाकाहारी लोकांना काहीही अडचण नाही. राजमा-भात, पनीर, दम आलू सगळीकडे, आणि नदरू म्हणजे कमळकाकडीची यखनी मिळाली तर सोडू नका, दह्यातली असते, मुलांना पण आवडली. स्लोपवर भूक अचानक लागते म्हणून प्रत्येकाच्या खिशात लोणावळ्याची शेंगदाणा चिक्की होती, इन्स्ट्रक्टर दोघेही तिच्या प्रेमात पडले, उरलेली सगळी पाकिटं त्यांच्या घरी गेली.

इन्शुरन्सचं एक वाक्य पण नक्की वाचा, साधी ट्रॅव्हल पॉलिसी बऱ्याचदा ॲडव्हेंचर स्पोर्ट्स धरत नाही, स्कीइंग त्यात लिहिलंय का बघूनच पैसे भरा.

परतीचा प्रवास ज्या दिवशी आहे त्याच्या आदल्या रात्री श्रीनगरला येऊन राहा, गुलमर्गहून थेट फ्लाइट गाठायला जाऊ नका. रात्रीत बर्फ पडला तर तंगमर्गचा रस्ता साफ होईपर्यंत थांबावं लागतं. श्रीनगर एअरपोर्टला तर गेटच्या आधीच सगळं सामान गाडीतून उतरवून तपासतात, नंतर आत परत, त्यामुळे तीन तास हातात हवेत. धुक्यामुळे किंवा बर्फामुळे फ्लाइट रद्द होणं हिवाळ्यात नेहमीचं, म्हणून पुढे एक मोकळा दिवस आणि त्याचे पैसे बाजूला ठेवा. जून २०२५ पासून श्रीनगर-कटरा वंदे भारत चालू झाली आहे, साधारण तीन तासात कटरा, म्हणजे विमान अडकलं तर आता खाली उतरायला रेल्वेचाही रस्ता आहे.